फणसाच्या लाकडाची छोटी गिटार : सुतार कारागिरांसाठी एक धडा

कापडाच्या धंद्यात उमर गेली. त्यामुळे फणसाचे लाकूड मी आधी रंग म्हणून ओळखले, लाकूड म्हणून नंतर. ब्रह्मदेश, श्रीलंका आणि थायलंड येथील बौद्ध भिक्खूंची पिवळी वस्त्रे पूर्वापार फणसाच्या गाभ्याचे तुकडे उकळून रंगवली जात. तुरटीची जोड दिली की हा पिवळा रंग धाग्याला धरतो. जुने रंगारी हे जाणून होते. त्याच लाकडाची गिटार होते, हे मात्र मला तीन वर्षांपूर्वी कळले.

माझा भाचा चिपळूणकडे सुतारकाम करतो. दारे, खिडक्या, कपाटे हे त्याचे काम. कारखान्यातले तयार फर्निचर गावोगाव पोहोचल्यापासून त्याचे काम निम्म्यावर आले. एक दिवस तो म्हणाला, "मामू, एका पोराची मोडलेली गिटार दुरुस्तीला आली होती. आतून पाहिली. हे तर आपलेच काम आहे. पण सगळे म्हणतात, लाकूड रोझवूड नाही तर महोगनीच पाहिजे. माझ्याकडे आजोबांच्या वेळचा फणस पडून आहे. तो चालेल का?"

मला उत्तर माहीत नव्हते. मी चौकशी केली, वाचले, मिरजेच्या कारागिरांना विचारले, आणि भाच्याच्या पहिल्या दोन वाद्यांचा खर्चही उचलला. त्यातून जे शिकलो ते आपल्या कारागीर आणि व्यापारी बंधूंसमोर ठेवतो.

एक खुलासा आधीच करतो. वाद्यांबाबत उलेमांमध्ये जी चर्चा आहे तो या पानाचा विषय नाही. ज्याच्या मनाला हे काम पटत नाही, त्याने यातला लाकूड वाळवण्याचा, फळी वाकवण्याचा आणि भाव काढण्याचा भाग घ्यावा. पेटी किंवा पाळणा बनवतानाही तो उपयोगी पडेल.

हे काम कोणाचे?

युरोपात ज्याला 'ल्यूट' म्हणतात ते तंतुवाद्य अरबांच्या 'अल्-ऊद'वरून आले, नावही तिथूनच आले. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड. म्हणजे या कामात लाकडाचा कारागीर पहिल्यापासून आहे.

आज जगात नावाजलेल्या मार्टिन गिटारचा मूळ पुरुष ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनीतील मार्कनॉयकिर्शन गावचा, सुतार घराण्यातला. तिथल्या व्हायोलिन कारागिरांच्या संघाची तक्रार होती की, कपाटे बनवणाऱ्या सुतारांनी गिटार बनवू नये, तो त्यांचा हुनर नव्हे. हा झगडा कित्येक वर्षे चालला. मार्टिन १८३३ साली अमेरिकेत गेला. सुतारांना जे करू नका म्हणत होते, त्याच कामावर त्याच्या घराण्याने जगात नाव कमावले.

दूर कशाला जायचे? मिरजेच्या शिकलगारांचे पाहा. तलवारींना धार लावणारे हे घराणे. तलवारीचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब शिकलगारांनी सतार आणि तंबोरा बनवण्याचे काम हाती घेतले. पुढे लोक त्यांना सतारमेकर म्हणू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एक धंदा बसला म्हणून हात रिकामे ठेवायचे नसतात, हा धडा आपल्याच घरातला आहे.

लाकडाचे किती आणि हाताचे किती?

गिटारचे पोट तीन भागांचे असते. वरची फळी, जिच्यावर तारांची घोडी बसते. तिला मी सतारीप्रमाणे 'तबली' म्हणेन. मागची फळी म्हणजे पाठ. आणि दोहोंना जोडणाऱ्या वाकवलेल्या पट्ट्या म्हणजे बाजू. बाजारात 'रोझवूड गिटार' म्हणतात तेव्हा बहुधा फक्त पाठ आणि बाजू रोझवूडच्या असतात. तबली स्प्रूस किंवा सीडर अशा हलक्या, मऊ लाकडाचीच असते.

स्पेनचा थोर कारागीर अंतोनियो दे तोर्रेस याने १८६२ साली एक गिटार बनवली. तबली चांगल्या लाकडाची, पण पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या! आवाजाचे मोठे काम तबली करते, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. १९९५ साली अमेरिकेत टेलर कंपनीने माल वाहण्याच्या टाकाऊ ओक चौकटीच्या फळ्यांतून पाठ आणि बाजू बनवून तशीच गिटार केली आणि व्यापारी प्रदर्शनात मांडली.

२०१८ साली इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एक परीक्षा प्रसिद्ध केली. एकाच नमुन्याच्या सहा गिटारी, फरक फक्त पाठ आणि बाजूच्या लाकडात. एक महागड्या ब्राझिली रोझवूडची, एक आपल्या शिसवीची, बाकीच्या महोगनी, मेपल, अक्रोड आणि सापेलेच्या. बावन्न वादकांना अंधुक उजेडात, रंगीत चष्मे लावून त्या वाजवायला दिल्या, म्हणजे लाकूड डोळ्यांनी ओळखता येऊ नये. आवाजाला दिलेल्या गुणांत लाकडागणिक फारसा फरक निघाला नाही.

याचा अर्थ कोणतेही लाकूड चालते असा नव्हे. पाठ-बाजूचे लाकूड पूर्ण वाळलेले, आकार न बदलणारे, पातळ केले तरी न फुटणारे असावे. पण त्याचे नाव मोठे असलेच पाहिजे असे नाही. फणस या कसोटीला उतरतो. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडातून कोरतात, मृदंगाचे खोडही फणसाचे असते. सुराच्या कामात हे लाकूड जुने आहे, फक्त गिटारवाल्यांना नवे.

छोटे पोटच का?

आजची नेहमीची मोठी गिटार 'ड्रेडनॉट' नमुन्याची असते. तिचे पोट खालच्या बाजूस १५⅝ इंच रुंद. एकोणिसाव्या शतकातल्या गिटारी याहून बऱ्याच लहान असत. मार्टिनचा जुना 'शून्य' नंबरचा नमुना खालच्या बाजूस १३½ इंच, पोटाची लांबी सुमारे १९ इंच, खोली सर्वांत जास्त तिथे ४¼ इंच. भाच्याने हेच माप धरले. कारणे तीन.

१) लाकूड कमी लागते. पाठ दोन तुकड्यांची असते, त्यामुळे सात-साडेसात इंच रुंदीची फळी पुरते. जुन्या फणसात एवढी निर्दोष फळी मिळते, आठ-साडेआठ इंचांची मिळणे कठीण.

२) लहान तबली आपोआप जास्त ताठ असते, म्हणून नवशिक्याच्या हातूनही ती खचण्याची भीती कमी.

३) गिऱ्हाईक आहे. प्रवासी, लहान चणीचे, घरात बसून बोटांनी वाजवणारे लोक छोटी गिटार मागतात.

लाकूड निवडणे

फणसाचा गाभा ताजा कापला की पिवळाधमक असतो. उजेडात राहून तो मधासारखा आणि पुढे तपकिरी होतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे, नाहीतर दोन वर्षांनी तो म्हणेल, रंग उडाला. बाहेरचे फिके लाकूड वापरू नये, त्याला कीड लागते. गाभा वाळवीलाही दाद देत नाही.

ओंडका असा चिरावा की फळीच्या कापलेल्या टोकाकडे पाहिल्यास वाढीच्या रेषा उभ्या, फळीच्या रुंदीशी काटकोनात दिसतील. अशी फळी कमी आक्रसते आणि कमी वाकते. मग ती मधून चिरून पुस्तकासारखी उघडावी, म्हणजे पाठीच्या दोन्ही अर्ध्या भागांची नक्षी एकमेकांसमोर येते. साडीचे दोन्ही काठ जुळतात तसे.

फणसाच्या रेषा पुष्कळदा एकमेकींत गुंतलेल्या असतात. रंधा एका बाजूने गोड चालतो, उलट बाजूने चिंध्या काढतो. शेवटचा एक मिलिमीटर रंध्याने काढू नये. पोलादी पातीने खरवडावे आणि कागदाने घासावे. नाकावर फडके बांधावे.

लाकूड कुठून आणायचे? जुन्या घराचे खांब, तुळया, दारे मोडीत निघतात त्यांत उत्तम वाळलेला फणस मिळतो. खिळे मात्र शोधून काढावेत. उभे झाड तोडायचे असेल तर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे, परवानगी घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावू नये.

वाळवणे : इथेच आमचे नुकसान झाले

पहिली गिटार भाच्याने जुलैत जोडली. लाकूड आजोबांच्या वेळचे, म्हणजे वाळलेलेच असणार, असे दोघांनीही गृहीत धरले. वाद्य देखणे झाले. मी ते कौतुकाने इचलकरंजीला आणून दुकानात टांगले. मार्चमध्ये एका दुपारी 'टक्' असा आवाज आला. पाहतो तर पाठीला वीतभर चीर.

कारण असे. लाकूड हवेतले पाणी पिते आणि सोडते, मग ते दहा वर्षांचे असो की शंभर. कोकणच्या पावसाळ्यात चांगल्या वाळलेल्या लाकडातही शेकडा १६ ते १८ पाणी असू शकते. कोरड्या जागी ते ८ वर येते. पाणी गेले की लाकूड लांबीत आक्रसत नाही, रुंदीत आक्रसते. साडेतेरा इंचांच्या पाठीत हा फरक तीन-चार मिलिमीटर होतो. पाठीच्या आत आडव्या पट्ट्या सरसाने पक्क्या चिकटवलेल्या असतात. त्या पट्ट्यांची लांबी बदलत नाही, पाठीची रुंदी मात्र कमी होऊ पाहते. मग ती फाटते. न धुतलेल्या कापडाला धुतलेले अस्तर लावले तर पहिल्या धुण्यात काय होते, हे आपल्या शिंपी बंधूंना सांगायला नको.

दुसऱ्या वेळी पुढील रीत धरली.

पहिले, फळ्या आधी ५ मिलिमीटरपर्यंत पातळ चिरल्या. जाड लाकडाला दर इंची वर्षभर लागते, पातळ लवकर वाळते. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या काड्या ठेवून थर रचले, वर वजन ठेवले.

दुसरे, त्याच लाकडाचा एक तुकडा दर आठवड्याला सोनाराच्या काट्यावर तोलला. वजन घटायचे थांबले की लाकूड त्या हवेशी जुळले. पाणी किती ते काढायचे तर तुकडा तोलून मंद भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवावा. आधी ११२ ग्रॅम, नंतर १०० ग्रॅम, तर पाणी शेकडा १२. आपल्याला ८ च्या आसपास हवे.

तिसरे, एका जुन्या कपाटात साठ वॅटचा साधा बल्ब आणि हवेचा दमटपणा दाखवणारे छोटे यंत्र लावले. बल्बपासून लाकूड हातभर दूर. दमटपणा ४० ते ५० टक्क्यांत आला की लाकूड महिनाभर तिथे ठेवायचे, आणि पाठ व तबलीवरच्या पट्ट्या चिकटवायचे काम त्याच हवेत, डिसेंबर ते एप्रिलमध्येच करायचे. पावसाळ्यात दांडी कोरणे, साचे बनवणे, पॉलिशचे नमुने करणे ही कामे करावीत.

चौथे, पाठीच्या आतल्या पट्ट्या सपाट न ठेवता त्यांना किंचित कमान दिली. पाठ थोडी फुगीर झाली की आक्रसताना ती चपटी होते, लगेच फाटत नाही.

ती दुसरी गिटार दोन उन्हाळे काढून बसली आहे. पहिली मी अजून दुकानात ठेवली आहे, चिरेसकट. शिकायला येणाऱ्याला आधी तीच दाखवतो.

बांधणी

पाठ सुमारे २.५ मिलिमीटर आणि बाजू २ मिलिमीटर जाडीच्या कराव्यात. बाजू वाकवण्यासाठी लोखंडी नळी आतून तापवावी. पाण्याचा थेंब टाकताच नाचून उडाला की नळी तयार. पट्टी किंचित ओली करून नळीवर सावकाश दाबावी. लाकूड सैल पडल्याचे हाताला जाणवते, तेव्हाच वाकवावे. जोर केला तर पट्टी मोडेल. रेषा गुंतलेल्या असतील तिथे हे भय जास्त, म्हणून आधी दहा-बारा टाकाऊ पट्ट्यांवर हात बसवावा. वाकलेली बाजू साच्यात एक रात्र बांधून ठेवावी.

तबली विकत घ्यावी. चांगल्या स्प्रूसची, उभ्या रेषांची. इथे काटकसर करू नये. पोलादी तारांसाठी ती २.६ ते २.८ मिलिमीटर ठेवावी. आवाजाचे छिद्र सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाचे. पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलो, म्हणजे एका माणसाएवढे वजन रात्रंदिवस तबलीला ओढत असते. म्हणून आत स्प्रूसच्याच दोन मुख्य पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेद देऊन बसवतात. त्या ८ मिलिमीटर रुंद आणि छेदाजवळ सुमारे १५ मिलिमीटर उंच असाव्यात, टोकांकडे निमुळत्या. घोडीखाली आतून कठीण लाकडाची चकती द्यावी. पट्ट्या थोड्या थोड्या तासत मधूनमधून तबली टिचकीने वाजवून ऐकावी. सुरुवातीला आवाज कोरडा, आखूड येतो, मग घुमू लागतो. कुठे थांबायचे ते कान सांगतो, आणि कान सबुरीने तयार होतो.

दांडीला तूणसारखे हलके, सरळ रेषेचे लाकूड आणि आत पोलादी सळई. पडद्यांची पट्टी कठीण लाकडाची. पॉलिश चपडा लाखेचे, पातळ थरांचे. जाड पॉलिश म्हणजे सुराला रजई पांघरणे.

पडद्यांचा हिशेब

इथे सुतार घाबरतो. घाबरू नये, कापड मोजण्याएवढेच सोपे आहे. तारेची बोलती लांबी ६३२ मिलिमीटर धरा. तिला १७.८१७ ने भागा. उत्तर ३५.४७. हा पहिला पडदा. उरली लांबी ५९६.५३. तिला पुन्हा त्याच आकड्याने भागा, ३३.४८. हा पहिल्यापासून दुसऱ्याचे अंतर. असेच पुढे. बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, ३१६ मिलिमीटरवर आला पाहिजे. आला नाही तर हिशेबात चूक आहे, करवत लावू नका. मापे नेहमी पहिल्या टोकापासून आखावीत. पडद्या-पडद्यातून मोजत गेल्यास चूक साठत जाते. घोडीवरचा आधार हिशेबापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे, आणि जाड तारेकडे जरा जास्त मागे ठेवावा. तार दाबली की ताण वाढून सूर चढतो, तो फरक यात भरून निघतो.

भाव आणि नाव

भाव काढताना आपले कारागीर लाकूड, तारा, खुंट्या यांचे पैसे धरतात, पण स्वतःची मजुरी विसरतात. तास लिहून ठेवा. सरस, पॉलिश, वीज, भाडे धरा. आणि चार वाद्यांत एक बिघडेल असे समजून त्याचा बोजा बाकीच्या तिघांवर टाका. मग नफा. यापेक्षा कमी भावात विकणे म्हणजे मुलांच्या ताटातले गिऱ्हाइकाला देणे होय.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुसरी गिटार घेऊन आम्ही एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराकडे गेलो. त्याने वाजवली, पसंत केली आणि म्हणाला, "बारा घेतो. फक्त आतल्या चिठ्ठीवर रोझवूड लिहा. पॉलिश जरा गडद करा. फणस म्हटले की लोक हसतात." बारा गिटारींचे पैसे म्हणजे भाच्याचे वर्ष निघाले असते. त्याने माझ्याकडे पाहिले.

मला १९९६ चा माझा स्वतःचा सौदा आठवला. शुद्ध सुती म्हणून घेतलेले पॉपलिन मी तसेच पुढे विकले. धागा जाळून पाहिला नव्हता. सूत जळले तर कागदासारखा वास आणि मऊ राख राहते. पॉलिस्टरची कडक गुठळी होते. गिऱ्हाइकाने माझ्यासमोर धागा जाळला आणि गुठळी माझ्या गल्ल्यावर ठेवली. मला फसवले गेले होते हे खरे, पण त्याच्यासाठी फसवणारा मीच होतो. ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही. धान्याच्या ढिगाखाली ओले धान्य लपवणाऱ्याला आपल्या प्यारे नबी (स.) यांनी काय समज दिली, ती हदीस प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. ठाऊक असणे आणि ऐन वेळी आठवणे यांत फरक आहे.

आणि ही नुसती नेकीची बात नाही, धंद्याचीही आहे. ब्राझिली रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंधन आहे. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या कुळातली बाकीची सर्व लाकडेही आंतरराष्ट्रीय परवान्याच्या यादीत आली. त्यांच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे, ब्राझिलीला नाही. फणसाला यातले काहीच लागू नाही. म्हणजे ज्या मालाला परदेशाच्या वाटेवर कोणी अडवणार नाही, त्याच्यावर खोटे नाव लिहून आपणच सवाल ओढवून घ्यायचे!

मी भाच्याला सांगितले, "निर्णय तुझा. हात तुझे, नावही तुझेच." तो दुकानदाराला म्हणाला, "शेठ, चिठ्ठीवर फणसच राहील. पाहिजे तर खाली वीणेचे लाकूड असे लिहितो, तेही खरे आहे." दुकानदाराने बाराऐवजी तीन घेतल्या. चार महिन्यांनी आणखी दोन मागवल्या, या वेळी गिऱ्हाइकाने 'फणसवाली' म्हणून मागितल्या होत्या.

पाच गिटारींनी घर चालत नाही. भाचा अजून दारे-खिडक्या करतो. पण त्याच्या कपाटात बल्बखाली आठ पाठींचे लाकूड वाळत आहे, आणि गावातली दोन पोरे शागिर्द म्हणून येऊ लागली आहेत. त्यांना तो पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगतो. लाकूड कोरडे ठेवा आणि जबान खरी ठेवा. बरकत देणारा अल्लाह आहे.